इतर हक्कांचा रकाना

अण्णा गाडीतून उतरले आणि इमारतीकडे न जाता पार्किंगच्या कडेनं चालू लागले. हात पाठीमागे, नजर पायाशी, ओठ हलताहेत. ही चाल मी लहानपणापासून ओळखते. अण्णा पावलं मोजत असले की त्यांना हाक मारायची नाही, हा आमच्या घरातला नियम होता. दोन बाजू चालून झाल्यावर ते थांबले, मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "चाळीस गुंठे भरतंय. एकरभर."

आत गेल्यावर कळलं की ते पार्किंग मुद्दाम बरोबर एक एकराचं ठेवलंय. एकर म्हणजे केवढं रान, हे आता बहुतेकांना ठाऊक नसतं. निदान गाडी लावताना तरी डोळ्यांनी दिसावं म्हणून. मी अण्णांना हे सांगितलं तर त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. इंदापूर, बारामती, दौंड या तालुक्यांत छत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून हिंडलेला माणूस. त्यांच्या तळपायांनाच एकर पाठ आहे.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात बीॲट्रिस गावाच्या पश्चिमेला चार मैलांवर ही जागा आहे, होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. मी राहते त्या लिंकन शहरापासून तासाभराच्या आत. अण्णा तीन महिन्यांसाठी आले होते आणि त्यांना शिकागो नको होतं, नायगारा नको होता. "इथली जमीन कुणी मोजली ते दाखव," म्हणाले. म्हणून इथून सुरुवात केली.

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसानं सरकारी जमिनीतला १६० एकरांपर्यंतचा तुकडा निवडायचा, जमीन कचेरीत अर्ज द्यायचा, त्यावर घर बांधायचं, रान कसायचं, पाच वर्षं राहायचं. पाच वर्षांनी दोन साक्षीदार आणायचे आणि मालकीची सनद घ्यायची. सगळी फी मिळून १८ डॉलर. कायदा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला, आणि डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसानं त्याच दिवशी ब्राऊनव्हिलच्या कचेरीत अर्ज दिला. त्याला लष्करी कामावर परत जायचं होतं, म्हणून मध्यरात्र उलटताच कारकुनाला कचेरी उघडायला लावली, असं इथे सांगतात. त्यानं मागितलेला तुकडा म्हणजेच हे पार्क. तो आणि त्याची बायको ॲग्नेस, दोघांच्या कबरीही याच रानात आहेत.

पुढच्या सव्वाशे वर्षांत या कायद्याखाली सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या. २७ कोटी एकर. देशाच्या एकूण जमिनीचा दहावा हिस्सा. एकट्या नेब्रास्काची सुमारे ४५ टक्के जमीन अशी वाटली गेली. इमारतीकडे जाणाऱ्या वाटेवर एकेका राज्याच्या आकाराचे धातूचे पत्रे उभे केलेत आणि जेवढी जमीन वाटली तेवढा चौकोन प्रत्येक पत्र्यातून कापून काढलाय. नेब्रास्काच्या पत्र्यातलं भोक एवढं मोठं आहे की त्यातून पलीकडचं सगळं गवत दिसतं.

साखळी मात्र आम्हाला दुसरीकडे सापडली. परतताना एका गावातल्या लहानशा संग्रहालयात थांबलो होतो. काचेखाली लोखंडी कड्यांची जुनी साखळी गुंडाळून ठेवली होती. अण्णा त्या काचेपाशी जे वाकले ते दहा मिनिटं हलले नाहीत.

"अगं, ही तर आपलीच. दुप्पट केलीय, एवढंच."

ते बरोबर बोलत होते. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी बसवून दिली. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. अमेरिकेची सरकारी जमीन याच साखळीनं मोजली. आपल्याकडची साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचं. तिचा एक चौरस म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे जोडले की पुन्हा तोच एकर. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची नवी मोजणी पद्धत बसवायला सुरुवात केली ती इंदापूर तालुक्यात. म्हणजे आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा रानात. आणि इकडे १८५६ साली नेब्रास्का-कॅन्सस सीमेवर मोजणीची आरंभखूण ठरली. वीस वर्षांच्या अंतरानं, जगाच्या दोन टोकांना, एकाच मापातून निघालेल्या साखळ्या जमिनीवर पडत होत्या. तिकडं सारा बसवायला, इकडं जमीन वाटायला.

इकडची पद्धत अशी. सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाऊनशिप. त्याचे छत्तीस सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैल, ६४० एकर. सेक्शनचा चतकोर म्हणजे १६० एकर. एका कुटुंबाला एक चतकोर. सोळावा आणि छत्तिसावा सेक्शन शाळांसाठी राखलेला. ओढा मधून जातो का, टेकडी आडवी येते का, पाणी कुठं आहे, याची दखल नाही. रेघ सरळ गेली की गेली. आपल्याकडं बांध वाकडातिकडा असतो, कारण तो आधीपासून असतो. मोजणीदार नंतर येतो आणि आहे तो बांध कागदावर उतरवतो. इथे कागदावरची रेघ आधी आली आणि बांध तिच्यामागून. अण्णांना ही उलटी गोष्ट पचायला दोन दिवस लागले.

त्याची खूण अजून रस्त्यांवर आहे. लिंकनहून कुठेही निघा, दर मैलाला काटकोनात आडवा रस्ता लागतो. आणि मधेच, काही कारण दिसत नसताना, सरळ जाणारा रस्ता थोडा बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. दोन्ही बाजूंना मका, वळायचं कारण काही नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेघा एकमेकींजवळ येत जातात. चौकोन चौकोनच राहावेत म्हणून ठरावीक अंतरावर मोजणीदारांनी ती चूक एकदम दुरुस्त केली. तोच हा सांधा. मी अकरा वर्षं त्या वळणावर ब्रेक दाबत आले. त्याचं कारण मला अण्णांनी सांगितलं, तेही गाडी चालू असताना, खिडकीतून बघत.

खुणांचं ऐकून तर ते खूश झाले. जिथे दगड नाही, झाड नाही, अशा उघड्या माळावर कोपरा कसा दाखवायचा? मोजणीदार खड्डे खणत, ती माती मधोमध रचून उंचवटा करत आणि आत कोळसा पुरत. "कोळसा कुजत नाही," अण्णा लगेच म्हणाले. शेताच्या हद्दीखाली राख, खापऱ्या, कोळसा पुरून ठेवायला मनुस्मृतीतही सांगितलंय. दोनदा असं झालं, की त्यांनी फेरमोजणीत दगड हललेला पाहिला, खाली खणलं आणि कोळसा निघाला. भाऊबंदकीचा वाद तिथेच मिटला.

तर अशी चौकोनात कापलेली जमीन, आणि तिच्यावर येणारी माणसं. कोण येऊ शकत होतं? एकट्या बायका येऊ शकत होत्या, विधवा, अविवाहित, घटस्फोटित. त्या काळाच्या मानानं ही मोठी गोष्ट. गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक येऊ शकत होते. युरोपातून आलेला माणूस, नागरिक व्हायचा इरादा जाहीर केला की येऊ शकत होता. जर्मन, स्वीडिश, चेक लोकांची गावंच्या गावं अशी वसली. नागरिक होण्याचा अधिकार मात्र गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच होता. चिनी माणसाला नव्हता. आपल्यालाही नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तुम्ही कायद्याच्या अर्थानं गोरे नाही. तो दरवाजा १९४६ मध्ये उघडला. होमस्टेड कायदा तेव्हाही चालू होता, १९७६ पर्यंत चालू होता, अलास्कात तर १९८६ पर्यंत. माझ्या हातात आज इथला पासपोर्ट आहे, आणि त्या पत्र्यातल्या भोकासमोर उभं राहिले तेव्हा मला माझ्या आजोबांच्या वयाचा, ढेकळं फोडणारा, कुठलाही देशी माणूस आठवत होता. त्याच्याइतकं रान कसणं कुणाला जमलं असतं?

पुढच्या आठवड्यात आम्ही पश्चिमेला कस्टर काउंटीत गेलो. पूर्वेकडे ओढ्याकाठी थोडी झाडं तरी होती. फ्रीमनच्या पार्कात १८६७ सालची एक ओंडक्यांची खोली आहे, चौदा फूट बाय सोळा फूट, आणि तीत दहा मुलं वाढली. कस्टर काउंटीत ओंडकेही नाहीत. गवत आणि आभाळ. म्हणून लोकांनी गवताचीच घरं बांधली. माळावरचं गवत शेकडो वर्षांचं, मुळं एकमेकांत विणलेली. खास नांगरानं फूटभर रुंद आणि चारेक इंच जाड अशी लांब पट्टी कापायची, कुदळीनं तिच्या लाद्या करायच्या, आणि विटांसारख्या, पण गवताची बाजू खाली करून, रचत जायच्या. भिंत दोन फूट, कधी त्याहून जाड. लोक तिला नेब्रास्काचा संगमरवर म्हणत.

कॉमस्टॉक गावाजवळ डाऊस कुटुंबाचं असं एक घर उभं आहे. १९०० साली बांधलेलं, १९५९ पर्यंत त्यात माणसं राहत होती. अण्णांनी खिडकीच्या खोल कट्ट्यावर हात ठेवला. कोपरापर्यंतचा हात त्यात मावला. बाहेर ऊन होतं, आत गार होतं. "माळवद," ते म्हणाले. त्यांचं बालपण इंदापूरकडच्या माळवदाच्या घरात गेलं. पांढऱ्या मातीचं छत, उन्हाळ्यात गार, आणि पावसाळ्यात बाहेर थांबला तरी घरात दोन दिवस गळणारा पाऊस. मातीच्या छताखाली राहणाऱ्या इथल्या बायकाही हेच लिहून गेल्यात. वरून माती, किडे, कधी साप पडायचा, म्हणून छताखाली पातळ कापड ताणून बांधायच्या. पावसात चुलीवरच्या भांड्यावर छत्री धरून स्वयंपाक करायच्या. आजी भाकरी थापताना तव्यावर पत्रा आडवा धरायची, ते अण्णांना आठवलं. तिथेच, त्या परक्या घराच्या उंबऱ्यावर बसून, त्यांनी मला आजीविषयी अशा गोष्टी सांगितल्या ज्या चाळीस वर्षांत सांगितल्या नव्हत्या.

या घरांची तोंडओळख जगाला झाली ती सॉलोमन बुचरमुळे. हा माणूस १८८० मध्ये वडिलांबरोबर इथे आला, जमिनीवर अर्ज केला, आणि शेतकऱ्याचं आयुष्य त्याला झेपलं नाही. १८८६ पासून तो घोडागाडीत कॅमेरा आणि काचा घालून घरोघर हिंडू लागला. सात-आठ वर्षांत त्यानं या एका भागात हजारावर फोटो काढले. १८९९ मध्ये त्याचं घर जळालं, लिहिलेलं सगळं गेलं, पण काचा कोठारात होत्या म्हणून वाचल्या. त्या नसत्या तर मातीत मिसळून गेलेली ही घरं कशी होती, आत कोण होतं, हे आपल्याला कुठून दिसलं असतं?

बुचर माणसांना घराबाहेर आणून उभं करायचा. घरात प्रकाश नव्हता, आणि बाहेर त्यांचं सगळं वैभव मांडता यायचं. एका फोटोत टेकडीत खणलेल्या घरापुढे टेबल, टेबलावर कापलेलं कलिंगड, भोवती कुटुंब. मागे गाय चरतेय ती थेट छतावर उभी दिसते, कारण टेकडीच छत आहे. एका फोटोत ख्रिस्मन घराण्यातल्या चार बहिणी मातीच्या घरापुढे ताठ उभ्या आहेत, शेजारी खोगीर घातलेले घोडे. १८८८ च्या एका फोटोत मोझेस स्पीस यांचं कुटुंब आहे. उत्तर कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, मागे त्याचं स्वतःचं घर आणि स्वतःची पवनचक्की. त्या कुटुंबाच्या चेहऱ्यांकडे मी फार वेळ पाहत राहते.

आणि एक फोटो हिल्टन कुटुंबाचा. बाईंनी बुचरला स्पष्ट सांगितलं की मातीचं घर फोटोत दिसता कामा नये. माहेरच्या माणसांना ते दिसलं तर लाज जाईल. त्यांच्याकडे पायपेटी होती, मोठी, लाकडी, कोरीव. ती दाखवायची होती. मग ती पेटी घरातून बाहेर ओढली, अंगणात, गुरांच्या गोठ्याजवळ आणून ठेवली आणि तिच्याभोवती सगळे उभे राहिले. फोटो झाल्यावर पेटी परत आत. मागे उघडा माळ, मधे पेटी.

आईच्या लग्नातला एक फोटो आमच्या घरी आहे. मागे फुलाफुलांची चादर दिसते. वर्षानुवर्षं मला वाटायचं ती सजावट आहे. सारवलेल्या भिंतीचा पोपडा निघालेला होता म्हणून दोन मावश्या ती चादर धरून उभ्या होत्या. फोटोच्या कडेला नीट पाहिलं तर एकीची बोटं दिसतात.

सनदेपर्यंत सगळे पोचले नाहीत. १८७४ मध्ये टोळधाड आली. उभं पीक गेलंच, घोड्यांच्या चामडी पट्ट्या आणि दोरीवरचे कपडेही तिनं कुरतडले. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ इतकी उबदार होती की मुलं जाड कोट न घालता शाळेत गेली, आणि दुपारी हिमवादळ आलं. शाळेतून घरी जाता जाता मुलं बर्फात हरवली. दोनशेहून जास्त माणसं दगावली. नांगर फिरला की पाऊस मागून येतो, असं रेल्वेवाले आणि जमीन विकणारे छातीठोक सांगत होते, चांगली शिकलेली माणसंही सांगत होती. १८९० च्या दशकात पाऊस आला नाही. लोक गाड्या जुंपून पूर्वेला परत गेले. जे राहिले त्यांनी गेलेल्यांची जमीन विकत घेतली. १९२० च्या सुमाराला कस्टर काउंटीत पंचवीस हजारांवर माणसं होती, आज साडेदहा हजार आहेत. आम्ही गेलो त्या रस्त्यावर शाळेची इमारत होती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, अंगणात झोपाळ्याचा नुसता लोखंडी सांगाडा.

रान मात्र पडीक नाही. १९५२ मध्ये फ्रँक झायबाख या शेतकऱ्यानं पेटंट घेतलेली पाणी देण्याची तऱ्हा आता सगळीकडे आहे: मधे बोअर, त्याला चाकांवरचा पाव मैल लांबीचा नळ, आणि तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. विमानातून पाहिलं की चौकोनात हिरवी वर्तुळं दिसतात. एकेक चौकोन म्हणजे तोच १६० एकरांचा जुना चतकोर. वर्तुळात सुमारे १३० एकर भिजतात, चार कोपरे कोरडे राहतात. ते पाणी ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यातून उपसलेलं, आणि दक्षिणेकडे, कॅन्सस-टेक्सासच्या बाजूला, ते झपाट्यानं खाली चाललंय. "कोपऱ्यात काय लावतात?" अण्णांनी विचारलं. बऱ्याच ठिकाणी काही लावत नाहीत, गवत वाढतं.

त्यांना त्या कोपऱ्यांतलं गवत पाहायचं होतं. फ्रीमनच्या पार्कात शंभर एकर जुना माळ पुन्हा वाढवलाय, १९३९ पासून जपलेला. सप्टेंबरचा शेवट होता, गवत अण्णांच्या डोक्यावर गेलं होतं, तांबूस-जांभळं. एक तुरा त्यांनी बोटात धरला. तुऱ्याला तीन फाटे, पक्ष्याच्या पंजासारखे. "मारवेल आहे ही. नाही, मारवेलीची थोरली बहीण." घरी येऊन मी पाहिलं. गवतांच्या एकाच कुळीतली आहेत दोन्ही.

तिथेच, त्या गवतात, त्यांनी तो प्रश्न विचारला. मी त्याची वाट पाहत होते आणि मला तो नकोही होता.

"फ्रीमनच्या आधी इथं वहिवाट कुणाची होती?"

ओटो-मिझूरिया या इथल्या मूळ जमातीची. अशा मूळ लोकांना इथे इंडियन म्हणत. मातीची गोल घरं, नदीकाठी मका, उन्हाळ्यात बायसनच्या शिकारीला पश्चिमेकडे. मार्च १८५४ मध्ये त्यांच्याकडून करारावर सह्या घेतल्या आणि बिग ब्लू नदीकाठी सुमारे १ लाख ६० हजार एकर तेवढे त्यांना ठेवले, इथून थोडं दक्षिणेला. पुढे त्या जमिनीवरही नव्या वसाहतवाल्यांची नजर गेली. तीही विकली गेली आणि १८८१ मध्ये ते लोक ओक्लाहोमाकडे निघाले, त्या वेळच्या इंडियन टेरिटरीत. फ्रीमनच्या हातात सनद येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

अण्णांनी हे शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "टिपणात काही लिहिलं नव्हतं?"

टिपण म्हणजे मोजणीदारानं जागेवर काढलेलं कच्चं चित्र आणि नोंदी. अण्णांच्या मते अभिलेखात खरं बोलणारा कागद तो एकच. पुढचे सगळे त्यावरून तयार होतात. मी सांगितलं की लिहिलं होतं. अमेरिकी मोजणीदारांना सूचनाच होती, साखळी टाकताना आडवी येणारी प्रत्येक वाट, वस्ती, शेत नोंदवायचं. त्यांच्या वह्यांत इतक्या साखळ्यांवर इंडियन लोकांची पायवाट, अशा नोंदी जागोजाग आहेत. वाटेची दिशाही दिली आहे.

"म्हणजे वाट टिपणात आली, आणि सनदेत इतर हक्कांचा रकानाच नाही," अण्णा म्हणाले.

सातबाऱ्यावर तो रकाना असतो. जमीन कुणाच्याही नावावर असो; कुळ, विहिरीतला हिस्सा, कुणाचा जाण्यायेण्याचा रस्ता, बँकेचा बोजा, सगळं तिथे येतं. कित्येकदा मालकाच्या नावापेक्षा भांडण त्या रकान्यावर जास्त होतं. अण्णांचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. थोड्या वेळानं ते स्वतःहूनच म्हणाले, की आपल्याकडंही धनगराची वाट कुणी लिहिली होती? पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूनं परत येणाऱ्याचा तळ कुठल्या गटात दाखवला? गायरानात पाल ठोकणाऱ्याला आम्ही अतिक्रमण लिहीत आलो. हे बोलताना ते गवताकडे बघत होते.

आईचं माहेर पळसदेवचं. जुनं गाव उजनी धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देवळाचं शिखर बाहेर येतं आणि लोक होड्यांतून बघायला जातात. आजोबांच्या नावावर सातबारा होता, म्हणून मोबदला मागायला हातात काहीतरी होतं. भीमेच्या काठच्या गाळात काकड्या-कलिंगडं लावणाऱ्या माणसांच्या नावावर काही नव्हतं. तीही बुडाली, पण कुठल्या यादीत नाही. ही दोन दुःखं एक नाहीत, मला कळतं. धरणाच्या पाण्यावर आमच्याकडचाच ऊस पिकतो, आणि ओटोंना हाकललं ते त्यांच्या पाण्याखाली जाण्यासाठी नव्हे, दुसऱ्याच्या नांगराखाली जाण्यासाठी. तरी त्या गवतात उभं राहून मला देवळाचं शिखरच दिसत होतं.

पाँका या इथल्याच दुसऱ्या जमातीचं रान तर कागदातल्या चुकीनं गेलं. १८६८ च्या लारामी करारात त्यांची नायोब्रारा नदीकाठची जमीन लाकोटा या वेगळ्याच जमातीच्या राखीव प्रदेशात दाखवली गेली. चूक दुरुस्त करायची सोडून १८७७ मध्ये सरकारनं पाँकांनाच ओक्लाहोमाकडे हलवलं. तिथे आजारात कितीतरी माणसं गेली. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर याचा मुलगाही गेला. मरताना त्यानं वडिलांकडून शब्द घेतला होता, मला आपल्या मातीत पुरा. जानेवारी १८७९ मध्ये, भर थंडीत, स्टँडिंग बेअर मुलाच्या अस्थी घेऊन तीसेक माणसांबरोबर उत्तरेला चालत निघाला. ओमाहा जमातीच्या राखीव जमिनीवर त्यांना अटक झाली. खटल्यात सरकारी बाजूचा मुद्दा असा होता की इंडियन माणूस कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती नाही, म्हणून त्याला न्यायालयात दाद मागता येत नाही. १२ मे १८७९ रोजी न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला, इंडियन माणूस व्यक्ती आहे. स्टँडिंग बेअरनं मुलाला नायोब्राराकाठी पुरलं.

हे ऐकताना अण्णा दोनदा म्हणाले, "चूक दुरुस्तीचा एक अर्ज. एक अर्ज." मग गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत.

पश्चिमेकडच्या कार्नी गावी जायचं मी आधीच ठरवलं होतं. पॉनी लोक मूळचे इथल्या लूप आणि प्लॅट नद्यांकाठचे. १८७४-७५ मध्ये तेही ओक्लाहोमात गेले, आणि जाताना मक्याचं बी घेऊन गेले. तिथल्या मातीत ते बी नीट येईना. एकेक वाण संपत गेला. सव्वाशे वर्षांनी, या शतकाच्या सुरुवातीला, पॉनींनी उरलेसुरले दाणे नेब्रास्कातल्या काही बागाईतदारांच्या हाती विश्वासानं दिले. आणि ते उगवले. जुन्या मातीत पहिल्यासारखे उगवले. आता दर वर्षी इथे पिकलेलं बी ओक्लाहोमाला जातं. २००७ मध्ये डॅनेब्रॉगजवळच्या एका लेखकानं लूप नदीकाठची आपली सुमारे ६० एकर जमीनही पॉनींच्या नावे करून दिली.

आम्ही गेलो तो तुकडा लहान होता. मका वाळत आलेला, पानं कडक, वारा सुटला की कागदासारखा आवाज. काम करणाऱ्या बाईंनी एक कणीस सोलून अण्णांच्या हातात दिलं. पांढरा दाणा, आणि प्रत्येक दाण्यावर जांभळा डाग, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा. गरुड मका म्हणतात त्याला. अण्णांनी चष्मा वर केला, दाणा डोळ्याजवळ नेला. एखादा मिळेल का, असं विचारायला त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी विचारायच्या आतच स्वतः मान हलवून नको म्हणाले. कणीस त्यांनी दोन्ही हातांनी परत दिलं.

रात्री मोटेलमध्ये त्यांची खिशातली वही टेबलावर उघडी होती. रोज झोपण्याआधी ते दिवसभराचं लिहितात, मी सहसा बघत नाही. पानावर त्या मक्याच्या तुकड्याचं टिपण होतं. चार कोपरे, पूर्वेला रस्ता, दक्षिणेला प्लॅट नदी, उत्तरेचा बाण, पावलांवरून काढलेलं क्षेत्र. खाली, नेहमीच्या बारीक अक्षरात, "इतर हक्क: बी पॉनींचं." आणि त्याच्याखाली, वेगळ्या शाईत, मका कधी काढतात ते बाईंना विचारायचं राहिलं.